रुमाल सोडायला अख्खा गाव लागतो

गावाचं दफ्तर कधीच एका घरात नसतं. पाटलांच्या माळ्यावर एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, कुलकर्ण्यांच्या फडताळात दुसरा, गुरवांकडे देवस्थान इनामाची सनद, मुलाण्यांकडे फारसी शिक्क्याचा एखादा कागद, जोशांकडे वृत्तीच्या, म्हणजे पिढीजात हक्काच्या, तंट्याची पत्रं. भाऊ वेगळे निघाले तसे कागदही वेगळे निघाले. एकाच निवाड्याच्या लांब कागदाचा वरचा तुकडा, म्हणजे बंद, थोरल्याकडे आणि खालचा धाकट्याकडे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून मोडी, म्हणजे या जुन्या कागदांची लिपी, वाचणारा कितीही तयारीचा असला तरी एकट्याच्या हातून गाव उलगडत नाही. ती सगळी घरं एका जाजमावर यावी लागतात. आमच्या तालुक्यात आम्ही काही जण गेली काही वर्षं त्याच खटपटीत आहोत. ते कसं जमत गेलं ते लिहिते.

सुरुवात मोडीच्या प्रशिक्षण वर्गातून झाली. वर्ग संपला, प्रमाणपत्र मिळालं की बहुतेकांची मोडी गंजते, कारण पुढे वाचायला कागदच नसतात. आम्ही ठरवलं की महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचं आणि मिळेल ते वाचायचं. सुरुवातीला छापील पुस्तकांतले नमुने वाचले. मग कुणी आजोबांची कर्जखतं आणली, कुणी घरातल्या जमाखर्चाच्या वह्या. हा सगळा माल आंग्लकालीन, म्हणजे इंग्रजी अमलातला. अक्षर बरंचसं सुटं आणि सवयीचं. पेशवेकालीन कागद पहिल्यांदा समोर आला तेव्हा खोली गप्प झाली. आधी कागदभर शिरोरेघ ओढलेली, तिला लोंबती अक्षरं, लेखणी शक्यतो न उचलता लिहिलेली, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मौजे, तर्फ, परगणे हे शब्द अर्धेच लिहून पुढे दंड मारलेला. एक ओळ लावायला आम्हाला अख्खी दुपार लागली, आणि ती लागल्यावर जो आनंद झाला त्याच्या जोरावर हे काम आजवर चाललं आहे.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. वि. का. राजवाड्यांनी 1910 साली ज्याची स्थापना केली त्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह आहे. राजवाडे स्वतः गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरून कागद उतरवत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला आणि पुढे असे 22 खंड झाले. इतकं होऊनही गावपातळीवरचा कागद अजून घराघरांतच आहे. मोहिमा आणि तह दफ्तरांत गेले. ओढ्याचं पाणी कुणी किती घ्यायचं, शीव कुठून जाते, सुताराला बलुतं किती पेंढ्या, हे मात्र रुमालात राहिलं. मला स्वतःला ओढ आहे ती या दुसऱ्या प्रकारच्या कागदांची.

आमच्या बैठकीला खरी गर्दी झाली ती 2023 नंतर. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि गावोगाव मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. पोरं मोबाइलमध्ये जुन्या नोंदींचे फोटो घेऊन दारात उभी राहू लागली. आम्ही त्यांना एक स्पष्ट सांगत होतो : जे लिहिलंय तेवढंच वाचून दाखवू, हवं ते वाचणार नाही. काहींना नोंद मिळाली, काहींना नाही. पण त्यातले काही जण नंतरही येत राहिले. आपल्या आडनावाची नोंद शोधता शोधता शेजारच्या घराचं नाव दिसलं, कुठल्याशा दुष्काळात गाव सोडून गेलेल्यांची यादी दिसली, आणि त्यांचा जीव त्यात गुंतला. आज आमच्यातली सगळ्यात तयार वाचक या लाटेतूनच आलेली एक तरुणी आहे. ती दिवसा दूध संकलन केंद्रावर हिशेब लिहिते.

कागद दाखवायला लोक नाखूश असतात. शहरातल्या माणसाला तो आडमुठेपणा वाटतो, पण त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. इनामांची तपासणी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनला 1852 च्या कायद्याने अधिकार मिळाले आणि ज्याच्यापाशी पुरावा नाही त्याचं इनाम धोक्यात आलं. तेव्हापासून घराघरात एकच शिकवण : कागद जपायचा, आणि कुणाच्या हाती द्यायचा नाही. पुढे परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्याने गेली, पण शिकवण राहिली. शिवाय बांधाचे, वाटणीचे दावे आजही कोर्टात चालू असतात. एका घरी आजींनी आम्हाला चहा पाजला, दसऱ्याला ज्याची पूजा होते तो रुमाल लांबूनच दाखवला आणि म्हणाल्या, “आमच्या सासऱ्यांनी सांगितलंय, कागुद उंबऱ्याभाईर द्याचा न्हाई.”

आम्ही म्हटलं, “नका देऊ, आजी. आम्हीच तुमच्या उंबऱ्याच्या आत बसतो.”

मग तोच आमचा पहिला नियम झाला. मूळ कागद घराबाहेर जात नाही. वाचन घरमालकाच्या ओसरीवर, त्याच्या डोळ्यांसमोर. फोटो काढला की पहिली प्रत त्याच्या मोबाइलमध्ये, मग आमच्याकडे. चालू दाव्याशी संबंध असलेला कागद आम्ही सार्वजनिक बैठकीत घेत नाही. त्यासाठी वकील आहेत आणि अधिकृत लिप्यंतरकार आहेत. आणि कुठलाही फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलायचा नाही. हे नियम एका वहीत लिहून त्याखाली गावातल्या पाच-सात ज्येष्ठांच्या सह्या घेतल्या. त्या वहीने आमच्यासाठी जेवढी दारं उघडली तेवढी कुठल्याही ओळखीपाळखीने उघडली नसती.

रुमाल सोडणं हेही शिकावं लागतं. घड्या पडलेला जुन्नरी कागद एकदम उलगडला तर घडीवरच तुटतो. कसर लागलेली असते, वाळवीने नक्षी काढलेली असते, तरी शाई मात्र काळीभोर, कारण ती काजळाची. आम्ही सुती चादर अंथरतो, मऊ ब्रशने धूळ काढतो, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो घेतो. बाजूला मोजपट्टी आणि चिठ्ठीवर क्रमांक. मागची बाजू कधी सोडायची नाही. लांब कागद अनेक बंद चिकटवून केलेला असतो आणि सांध्यावर मागून शिक्के असतात. शिक्का जुळला तर सुटे झालेले बंद पुन्हा एकमेकांना सापडतात. वर सांगितलेला तो निवाडा आम्ही असाच जोडला. वर्षानुवर्षं अबोला असलेले दोन भाऊ त्यासाठी आपापला तुकडा घेऊन एका ओसरीवर बसले. अर्धा शिक्का याच्या कागदावर, अर्धा त्याच्या. त्यांचा अबोला त्या दिवशी मिटला असं मी म्हणणार नाही, पण दोघंही शेवटच्या ओळीपर्यंत थांबले होते.

एका घरात कुणीतरी काळजीपोटी सनदेला लॅमिनेशन करून आणलं होतं. ते आता काढता येत नाही. कागद आत पिवळा पडत चालला आहे. वाचकांना हात जोडून सांगते, जुन्या कागदाला लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, फेविकॉल नको. स्वच्छ सुती कापड आणि कोरडी जागा एवढं पुरे.

वाचायची आमची पद्धत अशी : दोघं जण एकच कागद वेगवेगळे बसून देवनागरीत उतरवतात. ओळीस ओळ, आहे तसं, शुद्धलेखन न सुधारता. फाटलेल्या जागी टिंबं, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. मग दोन्ही प्रती ताडून पाहायच्या. जिथे जुळत नाही तिथे गावातल्यांना विचारायचं. आणि इथेच गाव कामाला येतं. शेतांची नावं, ओढ्यांची नावं, जुन्या वाटा कुठल्याच शब्दकोशात मिळत नाहीत. आम्ही दोन प्रकारे वाचलेलं एक नाव मेंढपाळ आजोबांनी ऐकता क्षणीच सांगितलं, “ते आमचं पाणी पाजायचं टाकं. आता बुजलंय.” आणि हाताने दिशा दाखवली.

तारखेचंही तसंच. जुन्या कागदात साल अरबी संख्यावाचकांत येतं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार : 1161. हे शुहूर सन. त्यात महिना पाहून 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन मिळतं. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, ती याच सालातली. पदवीधर मंडळींचा गोंधळ होतो तो कधी 599 आणि कधी 600 यावर. पण हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतं, त्याला मृगसालही म्हणतात, हे कळल्याबरोबर ओसरीवरच्या शेतकऱ्यांना दुसरं काही समजवावं लागलं नाही. “बरोबरच हाय की. पेरणीला नवं साल,” एक काका म्हणाले. मृगापासून डिसेंबरपर्यंत 599, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. आमच्या वहीत हा नियम आता त्यांच्याच शब्दांत लिहिलेला आहे.

सगळ्यात मोठी बैठक झाली ती महजराची. महजर म्हणजे गोतसभेसमोर झालेला निवाडा, ज्यावर गावचे सगळे वतनदार आणि बलुतेदार साक्षीला असतात. आम्हाला मिळालेला महजर दोन गावांच्या शिवेचा होता. खाली साक्षीदारांची नावं, आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. बोरूच्या चार फटकाऱ्यांत काढलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. नांगराची दांडी जरा तिरकी गेलेली, आरशाची मूठ जाड. कुणाचा हात सरावलेला, कुणाचा थरथरलेला, ते दिसतं.

मंदिराच्या सभामंडपात पडद्यावर तो कागद मोठा करून दाखवला. एकेक निशाणी आली की आम्ही नाव वाचायचो. सलूनचं दुकान चालवणारा एक पंचविशीतला मुलगा मागून पुढे आला आणि आरशाच्या चित्रासमोर उभा राहिला. खाली वाचलेली वंशाची नावं त्याने घरी आजोबांना फोन करून विचारली. सगळी जुळली असं नाही, पण कुळाचं नाव जुळलं. त्यानंतर त्या सभेत लोक ज्या तऱ्हेने एकमेकांकडे पाहत होते ते मला शब्दांत पकडता येत नाही. इतिहास म्हणजे राजे आणि किल्ले, त्यात आपलं कुणी नाही, असं धरून चाललेली माणसं होती ती. इथे त्यांच्या घरच्या माणसाची साक्ष होती, आणि तिच्याशिवाय निवाडा पुरा होत नव्हता.

पण त्याच सभेत बौद्धवाड्यातलं कुणी नव्हतं. बोलावणं गेलं होतं, तरी आले नव्हते. आम्ही दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. तिथल्या एका आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, तुमच्या कागदात आमच्या नावापुढं काय लिहिलंय ते ठावं हाय मला. वेठ लिहिलीय. ती समद्यांसमोर वाचणार असाल तर येतो. नुसतं पाटलाचं मोठेपण वाचायला न्हाई येत.”

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. या कागदांत अभिमान वाटावा असं खूप आहे, आणि मान खाली जावी असंही खूप आहे. वेठबिगार आहे, अस्पृश्यतेचे दंडक आहेत, पेशवेकालीन कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीविक्रीच्या नोंदी सापडतात. आमच्यात यावर बराच खल झाला. काहींचं मत होतं की गावात कलह नको, असे कागद बाजूला ठेवू. मी त्याच्या ठाम विरोधात होते आणि आहे. जे गाळायचं असेल ते गाळून वाचायचं, तर मग वाचायचंच कशाला? शेवटी ठरलं : वाचायचं सगळं, पण ज्या घरांचा, ज्या समाजाचा उल्लेख आहे त्यांना आधी सांगून, आणि ते समोर असताना.

त्याप्रमाणे पुढच्या बैठकीत वाचलं. आबा पहिल्या रांगेत बसले होते. वाचन झाल्यावर त्यांनी उठून सांगितलं, की 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडलं, आणि कनिष्ठ गावकामगार वतनं, त्यांत महार वतनही, कायद्याने गेली ती 1958 साली, ते स्वतः पोरसवदा असताना. हा इतिहास आमच्या कुणाच्याच टिपणात नव्हता. तो आता महजराच्या लिप्यंतराला जोडून ठेवला आहे, त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून.

शिवेचं कोडंही त्यांच्यामुळेच सुटलं. शिवेच्या तंट्यात पूर्वी महाराची साक्ष प्रमाण धरत, कारण शीव राखायचं काम त्यांच्याकडे. आबांच्या आजोबांनी त्यांना लहानपणी शीव चालून दाखवली होती. त्यांना पुढे घालून दोन्ही गावची माणसं महजर हातात घेऊन निघाली. कागदावरची खूण वाचायची, आबा ती दाखवायचे, पोरं जीपीएसवर नोंद करायची. तिवढा दगड मिळाला. ओढ्याचा सांधा मिळाला. वडाचं झाड नव्हतं, पण जागा आबांना माहीत होती, तिथे आता विजेचा खांब आहे. माळावरची एक खूण मात्र कुणालाच लागली नाही. लिप्यंतरात तिच्यापुढे प्रश्नचिन्ह तसंच आहे.

त्या चालण्याने आम्हाला शेजारचं गाव मिळालं. त्यांच्याकडे याच तंट्याची वेगळी कागदपत्रं होती, कारण हरलेली बाजू त्यांची. तिथल्या कुलकर्ण्यांचं दफ्तर गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत गेलं. जे उरलं ते एका लोहाराच्या घरी, कारण त्या दिवशी त्याच्या आजोबांनी एक पेटी उचलून आपल्या भट्टीच्या खोलीत नेऊन ठेवली होती. पेटीच्या मूळ घराण्यातली मंडळी आता पुण्यात असतात. त्यांना कळवलं तेव्हा ती सगळी गाडी करून आली, लोहारांच्या घरी जेवली, आणि पेटी तिथेच राहू द्या म्हणाली. दोन्ही गावांच्या वाचकांची बैठक आता एकत्र होते, एकदा इकडे, एकदा तिकडे.

जाळं वाढतं ते असंच. एका कागदात चार गावांची नावं येतात आणि त्या चार गावांत विचारावं लागतं. फारसी शिक्के वाचायला जिल्ह्याच्या ठिकाणचे एक निवृत्त उर्दू शिक्षक मदत करतात. सून म्हणून आलेल्या बायकांना माहेरच्या रुमालाची आठवण होते आणि त्या भावाला फोन लावतात. मोडीला 2014 साली युनिकोडमध्ये जागा मिळाल्यापासून संगणकावरही ती अक्षरं लिहिता येतात, त्यामुळे शाळेतली मुलं आपापली नावं मोडीत छापून भिंतीला लावतात आणि घरी जाऊन विचारतात, आपल्याकडे असं काही आहे का? फोटोंच्या तीन प्रती आम्ही ठेवतो : घरमालकाकडे, वाचनालयात आणि दुसऱ्या गावात. कुठल्या घरात काय आहे याची यादी एका वहीत आहे. ती पाहायची तर वाचनालयात येऊन पाहायची.

सध्या अडलंय ते एका देशमुखांच्या वाड्यापाशी. पाण्याच्या पाटांचे कागद तिथे आहेत असं दोन-तीन ठिकाणच्या उल्लेखांवरून दिसतं. घरात वाटणी चालू आहे, म्हणून त्यांनी वेळ मागून घेतला आहे. नियमांची वही त्यांच्याकडे वाचायला ठेवून आलो. दिवाळीनंतर या म्हणाले आहेत. पाटाखालच्या तीन गावांनाही आम्ही तेव्हाच बोलावणार आहोत.